काटकोनात अडकलेला बांबू

नट आणि बोल्ट यांच्याशी माझं आयुष्यभर उत्तम जमलं. भोसरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये मी नोकरीला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. नट-बोल्टांचा मोठा गुण असा की ते ज्या आकाराचे आत येतात त्याच आकाराचे बाहेर जातात. त्यांना सोंड नसते. त्यांच्यावर कुणाची आमटी सांडत नाही. डब्यात भरायचे, डब्यावर नंबर टाकायचा, डबा खणात सरकवायचा, झालं. अशा सज्जन वस्तूंच्या सहवासात उमेदीची सगळी वर्षं गेली की एक गैरसमज डोक्यात पक्का बसतो: जगातली प्रत्येक वस्तू मूळची चौकोनीच असते, आणि जी नसते तिच्याकडे आजवर कुणी नीट लक्ष दिलेलं नसतं.

माझ्या मेहुण्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. सासवड रस्त्यावर, दिवे घाट लागायच्या अलीकडे वडकीजवळ त्याचं गोडाऊन आहे. ४० बाय ६० फूट, वर सिमेंटचे पत्रे. निवृत्तीनंतर एकदा सहज म्हणून तिथे गेलो आणि दारातच थबकलो. त्या गोडाऊनमध्ये वस्तू ठेवण्याची एकच पद्धत होती, ती म्हणजे टेकवणे. बांबू भिंतीला टेकवलेले, बांबूंना फायबरच्या कमानी टेकवलेल्या, कमानींना महाराजा सोफे टेकवलेले, सोफ्यांना गाद्यांची थप्पी, आणि थप्पीला पाठ टेकून मुकादम डोळे मिटून बसलेले. यातलं कुणीही एकाने अंग काढून घेतलं असतं तर सगळाच संसार खाली आला असता.

मुकादमांचा अनुभव दांडगा होता हे खरं, पण पद्धत वाईटच होती, हे मी आजही म्हणेन. तळाची एक सतरंजी हवी असली तर चार माणसं अर्धा तास गाद्या उपसत. कनातींच्या गठ्ठ्यांत उंदरांच्या पिढ्या नांदत होत्या. झुंबराचे लोलक कुणाच्या तरी चपलेखाली रोज कडकड वाजत.

"दाजी, नुसतं बघताय काय?" मेहुण्याने विचारलं.

"बघत नाहीये. मोजतोय," मी म्हणालो.

ते वाक्य मी गिळलं असतं तर मेहुण्याचे पैसे वाचले असते.

त्याला पटवायला मी त्याला भिवंडीला घेऊन गेलो. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल उतरवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा, या हिशेबाने नाशिक हायवेच्या दोन्ही अंगांना तिथे गोदामं उभी राहिली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामं मात्र हलली नाहीत, उलट वाढली. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने आम्हाला त्यातलं एक नवंकोरं गोदाम आतून बघायला मिळालं. तिथे सगळा कारभार पॅलेटवर. पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटर. खोकं पॅलेटवर, पॅलेट बीमवर, बीम खांबात अडकवलेला, खांब जमिनीत बोल्टने आवळलेला, आणि प्रत्येक बीमवर या खणात किती किलो ठेवायचे त्याची पाटी. मला गहिवरून आलं. मेहुणा सगळं बघत होता, पण येताना खारेगाव मागे पडेपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "दाजी, यांच्याकडं हत्ती नाहीत."

मी ते मनावर घेतलं नाही.

दोन रॅकांमधल्या वाटा तिथे ९-१० फुटांच्या होत्या. त्यांची ती उंच मानेची रीच ट्रक वळायला तेवढी जागा मागते. साधी फोर्कलिफ्ट असेल तर १२ फूट तरी लागतात. आपल्याकडे फोर्कलिफ्ट नाही, माणसं आहेत; आणि माणूस फोर्कलिफ्टपेक्षा केव्हाही बारीक असतो. असा तर्क मी गाडीतच केला आणि आपल्या वाटा ६ फुटांच्या ठरवून टाकल्या. वाचलेल्या जागेत रॅकांची एक जादा रांग बसत होती. ही किफायत मी त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितली. ऐकणाऱ्यांपैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही, यावरून माझ्या ओळखीपाळखीची कल्पना यावी.

मग मापं सुरू झाली. टेप, वही, आणि वहीतलं रात्री एक्सेलमध्ये. लांबी, रुंदी, उंची, वजन, नग. मंडपवाल्याच्या गोडाऊनमध्ये काय नसतं? २० फुटी बांबू, वासे, लोखंडी पाइप, ट्रसचे तुकडे, कनाती, झालरी, लाल मॅटिंगचे रोल, सतरंज्या, लोड, तक्के, प्लास्टिकच्या खुर्च्या, पेडेस्टल पंखे, आठशे माणसांच्या भाताची डेग, तिच्या शेगड्या, फायबरचे खांब, फायबरचे हंस, वधूवरांना स्टेजवर वर उचलणारं फायबरचं कमळ, आणि स्वागताच्या हत्तींची जोडी. माझ्या एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीला तीन मापं होती. कमळाची लांबी कुठून कुठे धरायची असा प्रश्न मला पडला होता, पण मी ते एका काल्पनिक खोक्यात घातलं आणि खोक्याची मापं लिहिली. नंतर सगळ्यांनाच अशा खोक्यांत घातलं. हंसाला घातलं, पंख्याला घातलं, महाराजा सोफ्याला त्याच्या पाठीवरच्या मोरासकट घातलं. शेवटी माझ्या संगणकात मेहुण्याच्या गोडाऊनऐवजी भिवंडीचं गोदाम तयार झालं.

प्रत्येक खणाला नंबरही दिला. कमळ 'क-३-२', हत्ती 'ह-१-१'. मुकादमांच्या पोरांची त्याच वस्तूंसाठी आपली नावं होती: 'आमदाराची खुर्ची', 'पाटलाच्या पोरीचं कमळ', 'पडलेली कमान' (ती कुठे आणि कुणाच्या अंगावर पडली होती ते कुणी सांगेना). माझ्या नंबरांच्या पाट्या लागल्या, त्यांची नावं चालू राहिली, आणि दोन्ही पद्धती एकमेकींना न भेटता सुखाने नांदल्या.

आता डिझाइन. इथे मी जरा पोटतिडकीने बोलतो, कारण भोकांचा लोखंडी अँगल ही माझी जुनी भक्ती आहे. डिमिट्रियस कोमिनो हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला ग्रीक वंशाचा गृहस्थ लंडनमध्ये छापखाना चालवत होता. छापखान्यातली कामं बदलत तशा मांडण्याही बदलाव्या लागत. दर वेळी लाकूड कापा, ठोका, मोडा, टाकून द्या. या त्रासातून त्याने ओळीने भोकं पाडलेला अँगल काढला. कुठल्याही भोकात बोल्ट घाला, मांडणी तयार. उद्या नको झाली तर बोल्ट काढा आणि दुसरी उभी करा. १९४७ पासून तो 'डेक्सियन' नावाने बाजारात आला आणि पुढे त्याच्या नकला जगभरच्या दुकानांच्या पोटमाळ्यांवर जाऊन बसल्या. आमच्या स्टोअर्समध्ये सगळं राज्य त्याचंच होतं. कोमिनोने एकच गोष्ट गृहीत धरली होती, की ठेवायच्या वस्तू बदलत राहणार.

एवढी भक्ती असताना मेहुण्याच्या गोडाऊनसाठी मी काय केलं? सगळं वेल्डिंग करून घेतलं. माझं म्हणणं, बोल्ट ठेवले की मुकादमांची पोरं खण वर-खाली करत बसणार, चार बोल्ट हरवणार, दोन चुकीचे लावणार, आणि माझ्या रचनेचा विचका होणार. रचना एकदा उत्तम झाली की ती बदलायची कशाला? आयुष्यभर बोल्ट सांभाळलेल्या माणसाने बोल्टांशी अशी दगाबाजी करावी, हे मला त्या वेळी जाणवलं नाही.

बांबूंसाठी मात्र मी खरोखर चांगला विचार केला होता, एवढं तरी मला बोलू द्या. लांब मालाला पुढून खांब चालत नाही, म्हणून कँटिलिव्हर रॅक: मागे उभे खांब आणि त्यांतून पुढे निघालेले मोकळे हात. हातांना टोकाकडे किंचित चढ, म्हणजे माल घरंगळत नाही. दोन हातांमधलं अंतर एवढं, की बांबूची टोकं त्याच्या निम्म्याहून जास्त बाहेर लोंबू नयेत. नाहीतर मध्ये पोट सुटतं किंवा टोकं झुकतात. हे सगळं पुस्तकात आहे आणि ते सगळं मी पाळलं. मागच्या भिंतीलगत, भिंतीला समांतर, तीन मजली कँटिलिव्हर. समोर ६ फुटी आडवी वाट, आणि तिला मधोमध येऊन मिळणारी, शटरपासून आलेली ६ फुटी उभी वाट. दोन्ही वाटांच्या कडेने १२ फूट उंच रॅक. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की मी त्याला चौकट करायच्या विचारात होतो.

फॅब्रिकेटर हडपसरचा होता. माझं ड्रॉइंग त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि बीमच्या शेजारी लिहिलेल्या 'डिफ्लेक्शन १३.५ मिमी' या ओळीवर बोट ठेवलं.

"साहेब, हे चार सूत वाकवूनच द्यायचं का सरळ चालंल?"

मी त्याला समजावलं, की बीम २७०० मिलिमीटरचा आहे, भार आल्यावर त्याने लांबीच्या दोनशेव्या भागाहून जास्त वाकू नये असा नियम आहे, २७०० ला २०० ने भागलं की साडेतेरा. म्हणजे ही वाकायची परवानगी आहे, सक्ती नाही. त्याने मान डोलावली. तरी पहिल्या खेपेला आलेले दोन बीम मला संशयास्पद वाटले. ओळंबा-लेव्हल लावून बघितलं तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या की. पुढं वाकायचंच आहे, आत्ताच वाकून घेतलं."

जमिनीने पुढचा धडा दिला. रॅकचे खांब तळाशी प्लेट घालून फास्टनरने जमिनीत आवळायचे असतात. उंच आणि अरुंद रॅक मोकळा उभा करणं म्हणजे खाली झोपणाऱ्याच्या जिवाशी खेळ, आणि त्या गोडाऊनमध्ये दुपारी सगळेच खाली झोपत. पण भिवंडीची जमीन काँक्रीटची होती आणि वडकीची होती कोब्याची, खाली मुरूम आणि विटांचे तुकडे. फास्टनर आवळावा तर तो नुसता गरागरा फिरे, आणि ओढावा तर कोब्याच्या ढलप्यासकट हातात येई. प्रत्येक खांबाखाली खड्डा घेऊन काँक्रीट भरावं लागलं. त्या खर्चाला मी 'फाउंडेशन' असं नाव दिलं. ऐकायला बरं वाटतं.

कँटिलिव्हर आधी झाला. पोरांनी त्याच दिवशी हौसेने त्यावर बांबू चढवले, एक जाड टोक इकडे तर एक तिकडे असे आळीपाळीने, अगदी मी सांगितले तसे. मग मधल्या रांगा उभ्या राहिल्या, वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या, रंग मारला. उद्घाटनाला मेहुण्याने नारळ फोडला आणि वहिनींनी रॅकला हळदकुंकू लावलं. मुकादमांनी मात्र लांबूनच हात जोडले.

पुढचे काही दिवस मी रोज तिथे जात होतो आणि रोज थोडा थोडा कमी बोलत होतो.

खुर्च्यांपासून सुरुवात झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक बसवल्या की थप्पी सरळ वर जात नाही. प्रत्येक वरची खुर्ची खालचीपेक्षा जराशी पुढे सरकते. एका खुर्चीची खोली मी मोजली होती, पंचवीस खुर्च्यांच्या थप्पीची मोजली नव्हती. थप्प्या खणात मावल्या, पण वरच्या पाच-सात खुर्च्या वाटेत डोकावू लागल्या आणि ६ फुटांची वाट डोक्याच्या उंचीवर ४ फुटांची झाली.

डेगेचं वजन मी खणभर समान वाटून हिशेबात धरलं होतं. पण डेगेचं बूड गोल. ती फळीवर टेकते ती मधल्या वीतभर जागेवर, आणि सगळं वजन तिथे उतरतं. फळी कर्रर्र करून बोलली आणि डेग पुन्हा जमिनीवर आली, ती आजपर्यंत.

मॅटिंगच्या रोलांनी जास्त छळलं. मी ते उन्हाळ्यात मोजले होते, कोरडे आणि घट्ट गुंडाळलेले. मृगाचा पाऊस लागला आणि एका लग्नातून रोल परत आले ते चिखल, आमटी आणि पाणी पोटात घेऊन. ४ फूट रुंद आणि १०० फूट लांब पट्टा म्हणजे ४०० चौरस फूट, साधारण ३७ चौरस मीटर. त्यात नुसता १ मिलिमीटर पाण्याचा थर मुरला तरी ३७ लिटर झालं, म्हणजे एका रोलमागे ३७ किलो जादा. हा हिशेब मी मेहुण्याला फार सुंदर समजावून सांगितला, पण बीम वाकल्यावर. शिवाय रात्री दोन वाजता, झोपेच्या भरात, तीन वेगवेगळ्या माणसांनी गुंडाळलेले तीन रोल तीन जाडीचे असतात. माझ्या खणांची भोकं मात्र सगळी एकाच मापाची होती.

आणि हत्ती. हत्तींची उंची मी चोख घेतली होती, पाठीपर्यंत आणि डोक्यापर्यंत, दोन्ही. त्या दिवशी त्यांना सोंडा नव्हत्या. मला वाटलं, मोडल्या असतील. त्या रंगवायला गेल्या होत्या. रंगवून आल्यावर कारागिराने त्या रेझिन लावून कायमच्या पक्क्या केल्या, आणि स्वागताचा हत्ती सोंड खाली घालून उभा राहत नाही. 'ह-१-१' या पाटीखाली आता पेडेस्टल पंखे आहेत. हत्ती शटरच्या दोन बाजूंना उभे असतात, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो मान आपल्यालाच दिला आहे असं वाटतं. धंद्याच्या दृष्टीने ते चांगलंच झालं, असं मेहुणा म्हणतो. तो मनाने मोठा आहे.

इथपर्यंत सगळं सोसण्यासारखं होतं. मग पालखी आली.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून हडपसरवरून येते आणि दिवे घाट चढून सासवडला जाते. घाटाआधी या पट्ट्यात वारकरी क्षणभर टेकतात, आणि रस्त्याकडेच्या मंडळींची अन्नदानाची लगबग असते. मेहुणा दर वर्षी तिथे एक मांडव फुकट घालून देतो. ती त्याच्या वडिलांपासूनची रीत आहे. पालखीच्या दिवशी तो रस्ता वाहनांना बंद असतो, म्हणून सामान आदल्या रात्रीच जागेवर पडायला हवं. रात्री जेवणं उरकून पोरं बांबू काढायला गेली. थोड्या वेळाने मुकादम बाहेर आले आणि मेहुण्याऐवजी माझ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, बांबू निघंनात."

मी आत गेलो. चौघांनी एक बांबू हातांवरून उचलून आडव्या वाटेत घेतला होता. तो आता काटकोनात वळवून उभ्या वाटेत घालायचा होता, म्हणजे शटरपर्यंत सरळ बाहेर. बांबू वळत नव्हता. एक टोक कँटिलिव्हरच्या हातांवर आपटत होतं, दुसरं खुर्च्यांच्या थप्पीत घुसत होतं, आणि पोट रॅकच्या कोपऱ्याला घासत होतं. आत ठेवताना हा प्रश्नच आला नव्हता, कारण तेव्हा मधले रॅक तिथे नव्हते. आम्ही आधी बांबू ठेवले होते आणि मग त्यांच्याभोवती गोडाऊन बांधलं होतं.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही की हे गणित मला येत होतं. डिप्लोमाच्या पेपरात मॅक्झिमा-मिनिमामध्ये अगदी हेच असायचं: काटकोनात मिळणाऱ्या दोन बोळांतून जास्तीत जास्त किती लांब शिडी आडवी नेता येईल? दोन्ही बोळ सारख्या रुंदीचे असले तर उत्तर पाठ होतं, रुंदी गुणिले २.८३. त्या गणिताला मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. तिथेच डेगेवर कागद ठेवून मी आकडेमोड केली. ६ गुणिले २.८३ म्हणजे १७ फुटांनाही काठावर कमी. आपला बांबू २० फुटी.

"मग तिरका करा," मेहुणा म्हणाला.

हे गणितातही बरोबर होतं. एक टोक जमिनीला आणि दुसरं वर उचललं की उंचीही कामाला येते. ट्यूबलाइट ११ फुटांवर लोंबत होत्या. १७ ला काठावर कमी पडलेला तो नेमका आकडा आणि ११ यांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: २० फूट अडीच इंच आणि वर किंचित. मी हर्षाने ओरडलो, "बसतोय! अडीच इंच उरतायत!" पोरांनी बांबू तिरका केला. गणितातल्या शिडीला जाडी नसते, बांबूला चार-चार इंच असते. शिवाय बाजारात २० फुटी म्हणून मिळणारा बांबू २० फुटांचाच असतो असं नाही, आणि सरळ तर तो कधीच नसतो. पहिली ट्यूब फुटली.

मग सगळ्या ट्यूब उतरवल्या. आता छताच्या कैचीपर्यंत १४ फूट मोकळे झाले. नवा हिशेब केला तर उत्तर आलं बरोबर २२, अपूर्णांकाचा मागमूस नाही. इतकं स्वच्छ उत्तर माझ्या उभ्या आयुष्यात आलं नव्हतं. आणि खरंच, मोबाइलच्या उजेडात एक बांबू निघाला. त्याला किती वेळ लागला ते सांगत नाही. दुसऱ्याने पाटलाच्या पोरीच्या कमळाची पाकळी तोडली, आणि आत अजून दीडशे होते.

"एक रांग सोडवून बाजूला घ्या," मेहुणा फॅब्रिकेटरला फोनवर म्हणाला. पलीकडून उत्तर आलं ते स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं: "सोडवायचं काय? साहेबांनी बोल्टच ठिवू दिला नाय. कापावं लागंल, आन् गॅसकटर सकाळशिवाय नाय."

कोणीही माझ्याकडे बघितलं नाही. मी कोपऱ्यातल्या 'पडलेल्या कमानी'कडे बघत राहिलो.

यापुढे जे झालं त्यात कुणाची हुशारी नव्हती. तिसऱ्या बांबूला वळायला जागा मिळावी म्हणून पोरांनी तो मागे रेटला, आणि त्याचं जाड टोक बाजूच्या भिंतीच्या वरच्या भागात शिरलं. गोडाऊनची भिंत ५ फुटांपर्यंत विटांची आणि वर सिमेंटच्या पत्र्याची. पत्रा फुटला, बांबू निम्मा बाहेर गेला आणि तिथेच थांबला. क्षणभर सगळे गप्प. मग बाहेर तंबाखू मळत उभा असलेला एक पोरगा ओरडला, "आलाय की बाहेर! ओढू का?"

त्याने ओढला. बांबू न वळता, न वाकता, कुठेही न आपटता सरळ निघून गेला. भिंतीला समांतर ठेवलेल्या वस्तूला टोकाकडूनच बाहेर जायचं असतं, ही गोष्ट त्या रात्रीपर्यंत माझ्या एक्सेलमध्ये कुठेच नव्हती. मी लांबी, रुंदी, उंची, वजन आणि नग लिहिले होते. कोणत्या बाजूने निघणार, हा रकानाच नव्हता. पुढे चौकशी केली तर कळलं की पाइप आणि सळ्यांचे दुकानदार समोरून टोकं दिसतील असे खण करतात आणि माल टोकाने ओढतात. म्हणजे हेही पुस्तकात होतं. मी नेमकं ते पान वाचलं नव्हतं.

भोक मोठं केलं. आतून दोघं सरकवत होते, बाहेर दोघं झेलत होते, आणि दीडशे बांबू पाहता पाहता टेम्पोत गेले. फक्त बाहेरची जागा आमची नव्हती. तिथे एक नर्सरी आहे. गुलाबांच्या आणि जास्वंदीच्या पिशव्यांवरून रात्री अकरा वाजता बांबू येताहेत हे बघून नर्सरीवाले लुंगीवर धावत आले. मेहुण्याने हात जोडले, पालखीचं सांगितलं. त्यांनी पागोट्यासारखा डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सोडला आणि स्वतः बांबू झेलायला उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मांडव वेळेवर उभा होता. मला पंगतीत वाढायला ठेवलं होतं, भाताच्या डेगेपाशी.

आता त्या भोकाला लोखंडी झडप आहे, कडीकोयंड्यासकट. त्या सगळ्या कामात फॅब्रिकेटरने स्वतःच्या मनाने केलेली ती एकच गोष्ट. बिलात तिची ओळ सगळ्यात खाली होती आणि रक्कम सगळ्यात लहान. मधली एक रांग गॅसने कापून काढली. तिचे खांब नर्सरीवाल्यांनी शेडनेटसाठी नेले. झडपेचा वापर करू देण्याबद्दल त्यांच्या घरच्या कार्याला मांडव फुकट, असा तोंडी करार झाला आहे.

परवा झडप उघडून मी आणि मेहुणा उभे होतो, तर पलीकडून नर्सरीवाले आले. त्यांच्या कुंड्या पावसात एकमेकांवर घसरतात, काही लहान, काही मोठ्या, काहींना झाडं उंच. म्हणाले, "साहेब, तुम्ही त्या लाइनमधले. आम्हाला काहीतरी मांडणी सुचवा की. नुसती मापं घेऊन गेलात तरी चालेल."

माझा हात खिशातल्या टेपकडे गेला होता. मेहुण्याने तो वरचेवर धरला.

"दाजींना दम्याचा त्रास आहे," तो म्हणाला. "मातीत जायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय."